बुरहानपूरची जमीन आणि गोव्याचा आरसा

नगरनियोजन कायद्यातील कलम 17(2) आणि 39-अ यांवरून गोव्यात गेली काही वर्षे जो संघर्ष चालू आहे, त्याच्या मुळाशी एकच भीती आहे. बाहेरचा पैसा येईल, डोंगर कापले जातील, शेते बुजतील आणि गावकरी आपल्याच गावात उपरा होईल. ही भीती निराधार नाही. परंतु गोव्यातील भाव आवाक्याबाहेर गेल्यावर येथील मध्यमवर्गीयही राज्याबाहेर दोन-चार एकर शोधू लागतो. निवृत्तीनंतर घर बांधावे, झाडे लावावीत, सुट्टीत मुला-नातवंडांनी यावे, एवढीच त्याची इच्छा असते. पण त्या गावाच्या दृष्टीने बाहेरचा माणूस तोच असतो, याचा त्याला सहसा विसर पडतो.

असा शोध मध्य प्रदेशातील बुरहानपूरकडे वळण्याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. गोव्याने 2023 च्या कायद्याने भातशेतीच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले. कर्नाटकाने उलट 2020 मध्ये आपले दार उघडले. मध्य प्रदेशात खरेदीदार शेतकरीच असला पाहिजे अशी अट नाही, आणि बुरहानपूर तर महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच आहे. रावेर ओलांडले की तापीकाठची तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा आणि कानावर पडणारी मराठी. 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मराठी माणसाला परका वाटत नाही. मात्र खरेदीदार फसतो तो याच ओळखीच्या भावनेमुळे. दार उघडे असले म्हणून घरातली प्रत्येक वस्तू विक्रीला नसते.

पहिला प्रश्न मालकीचा. आपल्याकडे एक-चौदाचा उतारा पाहतात, तसा तेथे खसरा आणि बी-1 पाहावा लागतो. तेवढ्यावर थांबू नये. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165(6) नुसार आदिवासी भूमिस्वामीची जमीन अधिसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बुरहानपूर जिल्ह्यात कोरकू, भिल, भिलाला, बारेला यांची मोठी वस्ती असल्याने ही तरतूद केवळ कागदावरची नाही. शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनीलाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे बंधन आहे. फसवणुकीने गेलेली आदिवासी जमीन मूळ कुटुंबाला परत देण्याची सोय कलम 170-ब मध्ये आहे. म्हणून चालू वर्षाचा उतारा पुरेसा नाही. जुन्या नोंदी काढून जमीन मुळात कोणाची होती आणि कोणत्या आधारे हस्तांतरित झाली, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्विवाद झाली, असे होत नाही. दलालाचा ‘नंतर होईल’ हा शब्द येथे सर्वांत महाग पडतो.

दुसरा प्रश्न हद्दीचा. सातपुड्याच्या उतारावरचा, जंगलाला खेटून असलेला तुकडा मनाला भुरळ घालतो. पण याच जंगलांवरून हा जिल्हा धुमसला आहे. नेपानगर परिसरातील अतिक्रमण आणि वृक्षतोड इतकी चिघळली की एप्रिल 2023 मध्ये जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला करून अटकेतील आरोपींना सोडवून नेले. दुसरीकडे वनहक्क कायद्याखालील दावे आहेत. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसणाऱ्यांना तो कायदा हक्क देतो, पण तो हक्क विकता येत नाही. तेव्हा वनहद्दीजवळची जमीन घ्यायची असेल, तर व्यवहारापूर्वी सरकारी सीमांकन करून घ्यावे आणि वनविभागाच्या नोंदीशी ते ताडून पाहावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. जुलै 2022 मध्ये बुरहानपूर हा ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला. ती कौतुकाची गोष्ट आहे. पण ते पाणी घरगुती वापराचे आहे, आमराईचे नव्हे. केळी हे तहानलेले पीक, आणि त्याच भूजलावर विहिरी-बोअरची भिस्त. भूजलाची किंमत या शहराला फार पूर्वी कळली होती. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून केवळ उताराच्या बळावर शहराला पुरवणारा कुंडी भंडारा 1615 मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात उभारला गेला. खुनी भंडारा या नावानेही ओळखली जाणारी ही रचना 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नव्या मालकाने तिच्यापासून एवढा धडा घ्यावा की पाणी सर्वांचे असते. जमीन पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात पाहावी, आणि शेजारच्या विहिरीला तेव्हा किती पाणी असते ते विचारावे.

चौथा प्रश्न गावाचा. तेथील निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांत चराई, सरपण, पायवाट, पाणी यांविषयीचे गावाचे परंपरागत हक्क नोंदलेले असतात. ते न वाचता तारेचे कुंपण घातले, तर पहिल्याच वर्षी भांडण उभे राहते. घर बांधायचे तर वापरबदलाची प्रक्रिया वेगळी, पंचायतीची परवानगी वेगळी. ‘फार्महाऊस प्लॉट’ पाडून विकणाऱ्याकडे वसाहत उभारण्याची परवानगी आहे का, हेही पाहिलेच पाहिजे. काळ्या मातीत पाया कसा घ्यावा, हे स्थानिक गवंड्याला विचारावे. आणि आपण नसताना जमीन कोण पाहणार, याचे उत्तर खरेदीपूर्वीच ठरवावे.

जमीन घेऊच नये, असे यातून सुचवायचे नाही. निर्वेध मालकीची जमीन रास्त भावाने घेऊन जो ती कसतो, झाडे वाढवतो, गावातल्या माणसांना काम देतो, त्याचे कोणतेही गाव स्वागतच करते. प्रश्न निकषाचा आहे. गोव्यात येणाऱ्या खरेदीदाराने कूळ-मुंडकाराचा हक्क मानावा, गावची वाट अडवू नये, विहीर आटवू नये, जमीन घेऊन ती ओसाड ठेवू नये, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती न्याय्य आहे. खसरा हाती घेताना तीच अपेक्षा आपण स्वतःकडून ठेवली, तर पैसाही वाचेल आणि मांडवीकाठी आपण मांडत असलेल्या युक्तिवादाला तापीकाठीही नैतिक बळ राहील.