उसनी टाच आणि विसरलेला मार्कंडेय

एखाद्या पक्षाची सत्ता डळमळू लागली की मराठी अग्रलेखात ‘अकिलीसची टाच’ अवतरते. चौकशी आयोग नेमला की ‘पँडोराची पेटी’ उघडते. शत्रूने गोटात माणूस पेरला तर तो ‘ट्रोजन घोडा’, आणि काम अवघड असेल तर त्याला ‘हर्क्युलसचे बळ’ लागते. लिहिणाऱ्याला बहुश्रुत असल्याचे समाधान लाभते. चामोर्शी किंवा सिंदेवाहीचा वाचक मात्र काहीतरी अनिष्ट घडले असावे एवढे ताडतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

पुराणकथेचा दाखला ही भाषेतील हुंडी आहे. दोन शब्द उच्चारताच संपूर्ण कथा श्रोत्याच्या मनात वटली पाहिजे. त्रिशंकू, भस्मासुर, मारुतीचे शेपूट, सुदाम्याचे पोहे, कुंभकर्णाची झोप हे शब्दप्रयोग कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. निरक्षर आजीही ते अचूक योजते. ज्या पेढीवर आपले खातेच नाही तिची हुंडी लिहून देणाऱ्याला व्यवहारात काय म्हणतात, हे व्यापाऱ्यांना ठाऊक आहे.

बरे, ही उसनवारी तरी नीट पारखून केलेली असावी! पँडोराच्या मूळ कथेत पेटी नाहीच. हेसिऑड या ग्रीक कवीने सांगितला आहे तो साठवणीचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने ती कथा लॅटिनमध्ये सांगताना रांजणाची पेटी केली, तीच इंग्रजीत रूढ झाली आणि इंग्रजीतून मराठीत आली. म्हणजे ऋण घेतले तेही दुसऱ्याच्या चुकीसकट. अकिलीसच्या टाचेचेही तसेच. होमरच्या ‘इलियड’मध्ये ती कथा शोधून सापडत नाही, अर्भकाला स्टिक्स नदीत बुडविल्याची हकीकत कित्येक शतकांनंतरच्या स्टेशिअस या रोमन कवीकडे आढळते. पायाचाच दाखला हवा असेल तर मौसलपर्वात जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या तळपायाला लागतो. मर्मस्थान दाखवायचे असेल तर दुर्योधनाची मांडी आहे. आणि ट्रोजन घोड्याऐवजी लाक्षागृह का चालू नये? पाहुणचाराच्या मिषाने उभारलेले, आतून जाळण्यासाठी रचलेले घर! पळसावरची लाख ज्यांनी हाताने खरवडली आहे, त्या गडचिरोलीच्या वनवासी बांधवांना लाखेचे घर कसे पेटेल हे कोणत्याही प्राध्यापकाने सांगण्याची आवश्यकता नाही.

याच गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे, मार्कंडादेवाचा मंदिरसमूह उभा आहे. ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणून त्याचे छायाचित्र पर्यटनाच्या पत्रकांवर झळकते. तुलनेसाठीसुद्धा नाव दुसऱ्याचे लागते. असो, निदान खजुराहो तरी आपले. पण ज्याच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते तो मार्कंडेय मराठी लेखणीत किती वेळा येतो? मृकंडु ऋषींपुढे वर आला तो असा : दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणवान पण सोळाच वर्षांचा? त्यांनी गुणवान पुत्र मागितला. सोळावे वर्ष भरताच यमाचा पाश पडला, मुलाने शिवलिंगाला मिठी मारली, आणि महादेवाने यमाला परतवून त्याला कायमचे षोडशवर्षीय चिरंजीवित्व दिले.

आता याच विषयावरची ग्रीक कथा पाहावी. उषेची देवता इऑस ही टायथोनस या मर्त्य पुरुषावर भाळली. तिने झ्यूसकडे त्याच्यासाठी अमरत्व मागितले, परंतु तारुण्य मागण्यास विसरली. तो झिजत, सुकत गेला. मरण मात्र येईना. कथा विलक्षण करुण आहे यात शंका नाही, आणि टेनिसनने तीवर लिहिलेली कविता इंग्रजीच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावी. मात्र एका कथेत देवतेकडून मागणीत चूक होते आणि तिचे फळ माणूस भोगतो, तर दुसरीत पिता आयुष्याच्या लांबीपेक्षा गुण श्रेष्ठ मानतो आणि पुत्र ती निवड सार्थ करतो. या दोन कथा शेजारी ठेवून विचार करील असा पदवीधर हवा. आजचा पदवीधर पहिली जाणतो. दुसरीसाठी आजीला विचारावे लागते, आणि आजी आता वेगळ्या घरात राहते.

मुलांची स्थिती याहून वेगळी नाही. २००५ साली सुरू झालेल्या पर्सी जॅक्सनच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे नगरांतील मूल झ्यूसची वंशावळ घडाघडा म्हणते. ताडोब्याला सहलीला गेलेल्या त्याच मुलाला ‘ताडोबा’ कोण, असे विचारून पाहावे. वाघाशी झुंजताना पडलेला तारू नावाचा गोंड प्रमुख, तळ्याकाठी ज्याचे स्थान आहे आणि पौषात ज्याची जत्रा भरते, तो त्याला भेटतच नाही. हर्क्युलसने सिंह मारला हे तो जाणतो. भद्रावतीहून रोज आगगाडी जाते. युधिष्ठिराच्या यज्ञासाठी भीमाने ज्या भद्रावतीच्या यौवनाश्व राजाकडून श्यामकर्ण घोडा आणला ती हीच, असे तेथील परंपरा सांगते. श्रीधरांच्या ‘जैमिनी अश्वमेधा’ची पारायणे ज्या प्रांतात होत, तेथे आज घोडा म्हटला की ट्रॉयचा!

हे आपोआप घडलेले नाही. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाने एतद्देशीय वाङ्मय तुच्छ ठरविले आणि शिकलेल्या पिढ्यांनी ते मनोमन मान्य केले. मुंबईत मराठी माणसाच्या ‘पालव’ बंदराचे इंग्रजी जिभेवर ‘अपोलो’ झाले आणि ते नाव नकाशावर चढले. साहेबाला आपल्याच दैवताचे नाव ऐकू आले, हे समजण्यासारखे आहे. मेगॅस्थेनिसलाही मथुरेत श्रीकृष्णाऐवजी हेराक्लीस दिसला, असेच विद्वान मानतात. परक्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे हे स्वाभाविक. आपण आपल्याकडेच परक्याच्या डोळ्यांनी पाहावे, हे मात्र कोणत्या न्यायाने?

यावर ‘संकुचित’ हा ठरलेला आक्षेप येईल. त्याचे उत्तर एका ग्रीकानेच देऊन ठेवले आहे. तक्षशिलेचा यवन राजदूत हेलिओडोरस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात विदिशेजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि शिलालेखात स्वतःला ‘भागवत’ म्हणविले. तो स्तंभ आजही उभा आहे. योगी अरविंदांनी केंब्रिजमध्ये ग्रीक-लॅटिनमध्ये प्रावीण्य मिळविले, ट्रॉयच्या अखेरच्या दिवसावर ‘इलिऑन’ हे काव्य आरंभिले. परंतु आयुष्याच्या अखेरपर्यंत ज्या महाकाव्यावर ते परिश्रम घेत राहिले ते ‘सावित्री’. ऑर्फियसला पत्नी परत आणता आली नाही, सावित्रीने पती परत आणला, हा भेद दोन्ही बाजू मुळातून वाचलेल्यालाच कळतो. पु. ल. देशपांडे यांनीही ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला तो संपूर्ण नाटक म्हणून. ग्रीक कथा असे कोणी अख्ख्या आणाव्यात, त्यांचे मराठीत स्वागतच होईल. विरोध आहे तो इंग्रजी वर्तमानपत्रातून उचललेल्या दोन शब्दांच्या तुकड्यांना.

चंद्रपूरने १९७९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले. २०११ पासून गडचिरोलीत स्वतंत्र विद्यापीठ आहे. मार्कंडा, भद्रावती, ताडोबा आणि माडिया-गोंड पाड्यांवर सांगितल्या जाणाऱ्या लिंगोच्या कथा एकत्र करून मराठी वाक्प्रचारांचा एक कोश सिद्ध करण्यास या दोन जिल्ह्यांत मनुष्यबळ कमी नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत वैनगंगेच्या वाळवंटात जमणाऱ्या वृद्धांना तो मुलगा सोळाचाच का राहिला, हे विचारून लिहून घेण्यास एक वही आणि एक दिवस पुरे आहे.