सरसकट हराम, मग ऑप्शन काय?

कोरोनात २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला, तेव्हा आमच्या नंदनवनातले बुजुर्ग म्हणाले, जुगाराचं हेच होतं. दहा महिन्यांत तो पन्नास हजारांवर गेला, तेव्हा सगळे गप्प.

दर वेळी एवढ्या लवकर पैसे निघतील असं नाही. २००८ ला पडलेला बाजार जुन्या उच्चांकावर यायला २०१० ची दिवाळी उजाडली. पण थांबावं लागतं म्हणून तो जुगार ठरत नाही. शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी. हजरत खदीजांच्या भांडवलावर पैगंबरांनी (स.) व्यापार केला, तो जुगार होता का? व्याजाचे, दारूचे धंदे वगळा. शरिया निर्देशांकही आहेत.

सरसकट ‘हराम’ म्हटलं की पोरं विचारायलाच येत नाहीत. टाळेबंदीत मोबाइलवर डीमॅट उघडून थेट ऑप्शनमध्ये शिरली. जुगार तिथं आहे! सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसा घालवला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. जुम्याच्या बयानात हा आकडा मी अजून ऐकलेला नाही.