नक्षीचा आलेख हाती असता

कोसाडपासून उधन्यापर्यंत आपल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका आणि लग्नपत्रिका पाहाव्यात, तर 'ल' आणि 'श' पुष्कळदा हिंदी वळणाचे छापलेले आढळतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' निश्चित केला. तेव्हा या अक्षरांबद्दलची तक्रार रास्तच आहे. आमचा आक्षेप आहे तो तिच्यावरील रूढ उपायाला. कोणी हौशी गृहस्थ तयार फाँटची फाइल उघडतो, आतील आकार उचकटून दुसरे बसवतो आणि ती फाइल मित्रांत वाटून टाकतो. 'काम झाले ना?' हा त्याचा बिनतोड युक्तिवाद!

काम झालेले नसते. तयार फाइल यंत्राने वाचायची असते. ती घडवताना कर्त्याची टिपणे गळून पडतात, वक्ररेषांचे रूप पालटते, जोडाक्षरांचे वाचनीय नियम आकड्यांच्या कोष्टकांत गडप होतात. तयार प्रोग्राम डिकंपाइल केला तरी तीच गत. उलटे उकलून जे हाती येते तो मूळ संहितेचा केवळ तर्क होय. आम्हा सुरतकरांना हे सांगावे लागू नये. जॅकार्डच्या मागावरील साडीची वेलबुट्टी बदलायची झाली, तर कारागीर नक्षीचा आलेख मागवतो आणि त्यावरून नवे पत्ते पाडतो. विणलेले कापड धाग्याधाग्याने उसवत बसणारास कोणी कारागीर म्हणेल काय?

आणि येथे तर आलेख दाराशी ठेवलेला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फाँट रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएल या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये ते ओपन फाँट लायसन्सखाली आले. जीपीएलमध्ये मूळ संहितेची व्याख्याच अशी आहे की, फेरफार करण्यास जे रूप सर्वांत सोयीचे, ते मूळ रूप. खुलेपणा म्हणजे फुकटेपणा, एवढाच अर्थ आपल्या मंडळींनी घेतला आणि उरलेला अर्धा, किंबहुना अधिक मोलाचा, हक्क वापरलाच नाही.

मूळ संहितेत केलेली दुरुस्ती चार ओळींची असली, तरी कोणी, कोठे, काय बदलले हे तुलनेने दिसते. ती मूळ कर्त्यांकडे पाठवता येते आणि त्यांनी स्वीकारली तर पुढच्या आवृत्तीत सर्वांना मिळते. उचकटलेल्या फाइलचे आयुष्य मात्र नव्या आवृत्तीपर्यंतच. शिवाय ओपन फाँट लायसन्समध्ये मूळ नाव राखीव ठेवलेले असल्यास बदललेल्या फाँटला निराळे नाव द्यावे लागते, याचीही या हौशी मंडळींना दाद नसते.

जेथे मूळ संहिता बंदच आहे, तेथील गोष्ट वेगळी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम ५२ वैध धारकाला आपला स्वतंत्र प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा देते. पण ती माहिती अन्य मार्गाने सहज उपलब्ध नसेल, तरच. सरकारी नोकरीत कलमापेक्षा परंतुक आधी वाचण्याची आम्हाला सवय लागली, ती अशासाठीच.