तलावांची मूळ नोंद साध्या मजकुरात ठेवा

भंडारा जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी तलावांची पाहणी करणाऱ्या प्रत्येक पथकाला कागदावरची माहिती संगणकात उतरवावी लागते. ती कोणत्या प्रकारच्या फाइलीत ठेवायची, हे बहुतेक वेळा कोणी ठरवतच नाही. एक्सेल हाताशी असते, म्हणून तीच फाइल वर्षानुवर्षे फिरत राहते. आमचे मत असे, की मूळ नोंद यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतल्या सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुरात, असावी. एक्सेल बेरजेला आणि छपाईला वापरावे.

नुकसान कुठे होते ते पाहा. बुडीत क्षेत्रातला गट क्रमांक १२/३ भरला, की एक्सेल त्याची तारीख करते. सातबाऱ्यावरचे २.४० म्हणजे २ हेक्टर ४० आर. शेवटचे शून्य गळून २.४ उरले, की पुढचा माणूस ४ आर वाचतो. अतिक्रमणाची मोजणी निघेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. मोठमोठ्या संशोधन संस्थाही यातून सुटल्या नाहीत. जनुकांच्या काही नावांच्या तारखा होत होत्या, म्हणून जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला ती नावेच बदलावी लागली. २०२० च्या तिच्या नियमावलीत तसे नमूद आहे. सीएसव्ही फाइलसुद्धा डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर हाच घोळ होतो. ती आयात करावी आणि गट, क्षेत्र, गावाचा कोड हे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवावेत.

मग जेसन, एक्सएमएल किंवा यामल हे साध्या मजकुराचेच इतर प्रकार का नकोत? दोन प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करायला जेसन उत्तम आहे. पण पाहणीची माहिती गावातली माणसे हाताने भरतात. जेसनमध्ये एक कंस सुटला, तर सगळी फाइल वाचता येत नाही. यामलमध्ये जागा सोडण्यात चूक झाली, तर अर्थ बदलतो. एक्सएमएलमध्ये माहितीपेक्षा खुणाच जास्त होतात. सीएसव्हीत एक ओळ म्हणजे एक तलाव, हे कोणालाही पाच मिनिटांत समजते.

सीएसव्हीलाही मर्यादा आहेत. २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये तिची रीत लिहिलेली आहे, पण ती सगळे पाळत नाहीत. एका तलावाखाली अनेक गट असतील, तर ते एकाच रकान्यात कोंबू नयेत. गटांची फाइल वेगळी करून ती तलावाच्या क्रमांकाने जोडावी. सीएसव्हीत स्वल्पविराम रकाने वेगळे करतो, म्हणून १,२५,००० मधले स्वल्पविराम काढून टाकावेत. आकडे इंग्रजी अंकांत भरावेत, कारण देवनागरी अंकांची बेरीज एक्सेलमध्ये होईलच असे नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक सांगणारी एक मजकूर फाइल सोबत असावी.

या नोंदींना आयुष्य मोठे लागते. १९५१ मध्ये मालगुजारी ही सारावसुलीची जुनी पद्धत संपली आणि तलाव सरकारजमा झाले. १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला. तलाव जागेवरच होते, दप्तरे मात्र हलत राहिली. म्हणून तलावाच्या क्रमांकात जिल्हा किंवा तालुका गुंफू नये. जिल्हा आणि तालुका वेगळ्या रकान्यांत असावेत. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी याद्या आज तो फाँट नसेल तर वाचता येत नाहीत. यूटीएफ-८ मधला मजकूर कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडतो.

गावाच्या हक्कांसाठीही हे महत्त्वाचे आहे. तलावाच्या पाण्यावर, मासळीवर, गाळावर कोणाचा हक्क, हे विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या महसुली दप्तरांवरून ठरते. ही दप्तरे आजही उघडून वाचता येतात आणि पुरावा म्हणून दाखवता येतात. आपण आज केलेली नोंदही तशीच ग्रामसभेपुढे ठेवता आली पाहिजे. यंदाची पाहणी सुरू करण्याआधी प्रत्येक पथकाने रकाने ठरवून एक नमुना फाइल तयार करावी, ती दोन वेगळ्या संगणकांवर उघडून पाहावी, आणि मगच पहिल्या तलावावर जावे.