नुसते ‘छान’ नको

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे मी काहीही केले तरी आईला ते छानच वाटते. निबंध लिहिला, छान. मोबाइलवर फोटो काढला, छान. या ‘छान’मध्ये माया आहे, पण त्याने फोटो सुधारत नाही, हेही खरे.

गेल्या वर्षी चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आईचा फोटो मी एका स्पर्धेत दिला. पाहणाऱ्यांपैकी एकजण हसून म्हणाले, “चूल काय पाहायची?” आणि पुढे गेले. ते फोटोला हसले की आईला, हेच मला कळेना. दोन महिने मी एकही फोटो काढला नाही.

मग तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्या एका काकांना तो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“तुला यात काय दाखवायचं होतं?”

“आईचा चेहरा.”

“मग तो आहे कुठं? उघडं दार तिच्या पाठीमागं. चेहरा काळा पडणारच. तू दाराच्या बाजूनं काढ, म्हणजे उजेड तिच्या तोंडावर येईल. आणि दोन पावलं पुढं जा. निम्म्या फोटोत नुसता पत्रा आहे! हात मात्र झकास आलेत.”

दोन्हीकडे फोटो तोच होता. पण स्पर्धेतून मी मान खाली घालून परतलो, आणि काकांकडून उठलो तो थेट घरी, पुन्हा फोटो काढायला.

असे पाहणारे एकत्र जमणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढे १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. एका फोटोसाठी रसायने आणि अंधारी खोली लागे, त्या काळीही माणसांना एकत्र यावेसे वाटले. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. एकत्र बसणे तेवढे राहिले आहे.

म्हणून माझी सूचना अशी : शनिवारी शेवटच्या तासानंतर आपल्याला एक वर्गखोली मिळावी. प्रत्येकाने एकच फोटो आणावा. पाहणाऱ्याने आधी विचारावे, “काय दाखवायचे होते?” मग एक जमलेली आणि एक न जमलेली गोष्ट कारणासह सांगावी. फोटोतल्या माणसाला व त्याच्या घराला कोणी हसू नये. सर आणि मॅडम यांनी गुण देऊ नयेत, फक्त आमच्याबरोबर बसावे. ज्यांच्या घरी चूक दाखवणारे कोणी नाही, त्यांना ती प्रेमाने दाखवणारे कोणीतरी कॉलेजात भेटायला नको का?

चुलीपुढच्या आईचा दुसरा फोटो मी काढला आहे. आई नेहमीप्रमाणे छान म्हणाली. आता तुम्ही काय म्हणता, ते ऐकायचे आहे.