एनक्लेक्सची तयारी : पुस्तके किती आणि कोणती?

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचे तर राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना लागतो आणि त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीएसबीएन, ही परीक्षा तयार करते. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांतही २०१५ पासून हीच परीक्षा आहे. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम करून आलेल्यांना ती द्यावी लागते, तशीच इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजात नर्सिंग शिकलेल्या मुलामुलींनाही. तयारीच्या साहित्याला बाजारात तोटा नाही. जाडजूड पुस्तके, प्रश्नसंच, व्हिडिओ व्याख्याने, फ्लॅशकार्डे असे सारे मिळते. खरी अडचण त्यातून निवड करण्याची असते.

निवडीआधी परीक्षेचे स्वरूप समजून घ्यावे. ही परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येक उत्तरानंतर उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज नव्याने बांधून पुढचा प्रश्न निवडला जातो. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, वेळ ५ तासांचा. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत केस स्टडी आल्या. अशा तीन केस असतात आणि प्रत्येकीवर सहा प्रश्न. रुग्णाच्या नोंदी, तपासण्या आणि औषधांचे तक्ते वाचून महत्त्वाचे काय ते ओळखायचे, त्याचा अर्थ लावायचा, आधी काय करायचे ते ठरवायचे आणि केलेल्या उपायाचा परिणाम तपासायचा, असा त्यांचा क्रम असतो. काही प्रश्नप्रकारांत अंशतः बरोबर उत्तरालाही गुण मिळतात. त्यामुळे २०२३ पूर्वीचे साहित्य विषय समजण्यापुरते चालते, पण सरावासाठी अपुरे पडते. ओळखीपाळखीत हातोहात फिरणारे जुने पुस्तक घेताना आधी आवृत्तीचे वर्ष पाहावे.

यादीत पहिला क्रमांक परीक्षेच्या अधिकृत आराखड्याचा. तो एनसीएसबीएनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि दर तीन वर्षांनी नवा होतो; २०२३ नंतरचा आराखडा एप्रिल २०२६ पासून लागू आहे. कोणत्या विभागाला किती वजन, हे त्यात टक्केवारीने दिलेले असते. २०२३ च्या आराखड्यात रुग्णसेवेचे व्यवस्थापन १५ ते २१ टक्के आणि औषधोपचार १३ ते १९ टक्के होते, तर मनोसामाजिक आरोग्याला ६ ते १२ टक्के. कुठल्या विषयावर किती आठवडे द्यायचे, हे या आकड्यांवरून आणि स्वतःच्या कच्च्या दुव्यांवरून ठरवावे.

त्यानंतर विषयज्ञानासाठी एक पुस्तक पुरते. सॉन्डर्सचे सर्वसमावेशक पुस्तक बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढण्याची गरज नसते; प्रश्न सोडवताना जो विषय अडेल, त्याचे प्रकरण उघडावे. एकाच विषयाची तीन पुस्तके घेतली की वेळ तुलनेतच जातो.

सर्वात जास्त वेळ द्यायचा तो प्रश्नसंचाला, आणि त्याची पारख प्रश्नांच्या संख्येपेक्षा स्पष्टीकरणांवरून करावी. उदाहरणार्थ, चार रुग्णांपैकी आधी कोणाला पाहायचे, असा प्रश्न घेऊ. एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना आहेत, दुसऱ्याची रक्तशर्करा १८० आहे, तिसरा डिस्चार्जच्या कागदांसाठी थांबला आहे आणि चौथ्याची सकाळी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असून त्याच्या श्वासाला घरघर येते आहे. उत्तर चौथा, कारण श्वासमार्ग बंद होण्याचा धोका आहे. चांगले स्पष्टीकरण एवढ्यावर थांबत नाही. बाकीचे तिघे का थांबू शकतात, हेही ते सांगते. नुसता पर्याय क्रमांक देणारा संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. खरेदीपूर्वी चाचणी सदस्यत्व घेऊन अशी दहा-वीस स्पष्टीकरणे वाचून पाहावीत आणि नव्या धर्तीच्या केस स्टडी आहेत का, तेही तपासावे.

भारतात शिकलेल्यांनी आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली औषधांच्या नावांची. परीक्षेत बहुतेक वेळा जेनेरिक नावे असतात आणि तीही अमेरिकी वळणाची. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन होते, सालब्युटामॉलचे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनचे एपिनेफ्रिन आणि पेथिडीनचे मेपेरिडीन. वॉर्डात वर्षानुवर्षे ब्रँडच्या नावाने औषधे देणाऱ्या सिस्टरनेही ही यादी वेगळी पाठ करावी. दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. आपल्याकडे मावशी, वॉर्डबॉय आणि रुग्णाचे नातेवाईक बरेच काही सांभाळतात. इथे रजिस्टर्ड नर्स, एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) आणि नर्सिंग असिस्टंट यांच्या कामाच्या सीमा आखलेल्या आहेत. रुग्णाचे पहिले मूल्यमापन, त्याला शिकवणे आणि परिणाम तपासणे ही कामे रजिस्टर्ड नर्सने इतरांवर सोपवायची नसतात. हा भाग कच्चा असेल, तर प्राधान्यक्रम आणि कामाची सोपवणूक या विषयावरचे लाचॅरिटी यांचे पुस्तक हे एकमेव जादा पुस्तक घ्यायला हरकत नाही.

काही साहित्य सरळ टाळावे. 'मागच्या परीक्षेत आलेले प्रश्न' म्हणून फिरणाऱ्या फाइली त्यातल्याच. परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याचे बंधन प्रत्येक उमेदवारावर असते आणि ते मोडल्यास निकाल रोखला जाऊ शकतो. शिवाय त्यातली उत्तरे बरोबर असतील याची हमी कोणी देत नाही. हमखास उत्तीर्ण करण्याचे वचन देणाऱ्या क्लासचे पैसे भरण्यापूर्वी परताव्याच्या अटी वाचाव्यात. व्हिडिओ आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने प्रवासात उजळणीला उपयोगी आहेत, पण प्रश्न सोडवण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

प्रश्नसंचातली टक्केवारी म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे. प्रत्येक संचाची काठिण्यपातळी वेगळी असते आणि प्रत्यक्ष परीक्षेत प्रश्न क्षमतेनुसार अवघड होत जात असल्याने चांगल्या तयारीच्या उमेदवाराचीही बरीच उत्तरे चुकतात. म्हणून चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवावी आणि प्रत्येकासमोर कारण लिहावे : विषय माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही की प्राधान्य चुकले. परीक्षेपूर्वी पूर्ण लांबीच्या एक-दोन सराव परीक्षा वेळ लावून द्याव्यात. नापास झाल्यास साधारणपणे ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. त्या वेळी निकालासोबत येणारा विभागवार अहवाल नवे पुस्तक घेण्याआधी वाचावा, कारण कमी कुठे पडले ते त्यातच लिहिलेले असते.