मुंबईला निघताना बोचके केवढे असावे?

खळी उरकली, धान्य घरात आले आणि मुलांच्या शाळांना सुट्ट्या लागल्या, की गावोगावच्या घरांतून मुंबईला जायचे बेत निघतात. कुणाचा भाऊ लालबागला असतो, कुणाची लेक डोंबिवलीला दिलेली असते, तर कुणाला टाटा रुग्णालयातून पुढची तारीख मिळालेली असते. मिरगापर्यंतचे महिना-दीड महिना हेच काय ते आपले मोकळे दिवस. त्यामुळे ऊन असो की घाम, मुंबई आपल्याला भेटते ती याच दिवसांत.

आणि मग निघायच्या आदल्या रात्री ओसरीवर सामानाचा ढीग पडतो. भावजयीला डाळ, भाच्यांना शेंगदाण्याचे लाडू, शेजारणीच्या मुलाला दिलेली लोणच्याची बरणी, अंथरायला वळकटी, पांघरायला गोधडी. भगिनींनो, त्या ढिगातून काय न्यावे आणि काय घरीच ठेवावे, एवढ्यापुरते आज बोलू. विषय किरकोळ वाटेल; पण दादरच्या जिन्यावर एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात चाळीस शेरांचे गाठोडे घेऊन जी उभी राहिली आहे, तिला तो किरकोळ वाटणार नाही.

आधी तिथल्या हवेचे पाहा. आपल्याकडे बीड-परभणीला, अकोल्या-नागपूरला मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जातो. मुंबईत तो 33-34 च्या आसपास असतो. आकडा ऐकून वाटते, तिकडे गारवा असेल! तसे नसते. समुद्राकाठची हवा ओलाव्याने भरलेली असते, त्यामुळे अंगावर आलेला घाम वाळत नाही. आपल्याकडे घाम येतो आणि उडून जातो, जाताना अंगाची उष्णता घेऊन जातो. तिथे तो अंगावरच राहतो, आणि रात्रीही हवा उतरत नाही. म्हणून ठेवणीतल्या गुळगुळीत नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या घरीच राहू द्याव्यात. चारचौघींत बऱ्या दिसाव्यात म्हणून त्या नेल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी मानेवर, कमरेला घामोळे उठते. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा साडी, सुती परकर, पोरांना सैल सुती सदरे, घरधन्याला पायजमा नाहीतर हलके धोतर. प्रत्येकी तीन जोड पुरे. एक अंगावर, एक दोरीवर आणि एक पिशवीत.

दोरीवरचे कपडेही तिथे आपल्यासारखे तासाभरात वाळत नाहीत. खोलीत एक खिडकी, खिडकीला एक दांडी आणि त्या दांडीवर आधीच घरच्यांचे कपडे. जाड टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि त्याला वास येतो. पातळ पंचा न्यावा. पिळून झटकला की रातोरात वाळतो. हीच गोष्ट अंथरुणाची. गोधडीचा मोह टाळावा. एक सुती चादर अंथरायला आणि एक पांघरायला, एवढे माणशी पुरते. पंख्याखालीसुद्धा त्याहून जास्त लागत नाही. बाळंतिणीकडे निघाला असाल आणि नातवासाठी दुपटे शिवले असेल, तर ते मात्र आवर्जून न्या. त्याला जागा किती लागते!

जागेचा विचार आपण करीत नाही, तो करायला हवा. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. आपल्याकडे बैलजोडीच्या गोठ्याला तेवढी जागा सहज असते. त्यात स्वयंपाक, मोरी, मुलांचा अभ्यास आणि पाच-सहा माणसांची झोप. त्या चाळी पाडून वरळीत 2025 साली पहिल्या काही कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरे मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण झोपडपट्टी पुनर्वसनातल्या जुन्या इमारतींत 225 चौरस फुटांच्या घरांतून आजही हजारो संसार चालले आहेत. अशा घरात आपण चौघे उतरतो तेव्हा चार माणसांची जागा वहिनी कशीतरी करते. चार बोचक्यांची जागा तिला होत नाही. ती तोंडाने काही बोलणार नाही, पण रात्री मुलाला खाटेखाली झोपवताना तिची जी तारांबळ होते ती आपण पाहायची असते.

पाण्याचेही तसेच. तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरदूरच्या जलाशयांतून मुंबईला पाणी येते. नळाला ते ठरलेल्या वेळीच सुटते, आणि तेवढ्या वेळात दिवसभराचे भरून ठेवावे लागते. म्हणून रोज बादलीभर धुणे निघेल असे जड कपडे नेऊ नयेत. साबणाची वडी आणि दात घासायचे सामान आपले आपण न्यावे. रोज पहाटे वहिनीबरोबर उठून दोन हंडे भरू लागावे. यजमानीण खूश होईल.

आता वानोळ्याकडे येऊ. रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आपली रीत चांगली आहे आणि ती मोडा असे कुणी सांगणार नाही. पण मुंबईत काय टिकते ते पाहून न्यावे. दहा-पंधरा किलो ज्वारी डोक्यावरून वाहून न्यायची आणि तिथल्या दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत तिला पोरकिडे लागायचे, हे दोघींच्याही जिवावर येते. पाच किलो न्या, चांगली कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. डाळी दोन-दोन किलो पुरे. कुरडया, पापड, सांडगे तिथे दोन दिवसांत सादळतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरूनच द्यावेत आणि उन्हे नसतील तर तव्यावर शेकून तळायला सांगावे. गुळाला पाणी सुटते, म्हणून ढेप नको, किलोभराचा खडा पुरे. तूप मे महिन्यात पातळ होऊन झाकणातून पाझरते आणि साऱ्या पिशवीचा सत्यानाश करते. ते आट्याच्या झाकणाच्या बरणीत भरावे, बरणी फडक्यात बांधावी आणि उभीच राहील अशी कोपऱ्यात ठेवावी.

माझे मत विचाराल तर वानोळ्यात चटण्यांना पहिला मान द्यावा. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची, सुक्या खोबऱ्याची. वजनाला हलक्या, महिनाभर टिकणाऱ्या, आणि कामावरून रात्री नऊला आलेल्या माणसाला चपातीबरोबर लगेच तोंडी लावता येणाऱ्या. मुंबईत पैसे टाकले की सारे मिळते हे खरे, पण आईच्या हातची कारळ्याची चटणी कुठल्या दुकानात मिळत नाही.

वाटेच्या शिदोरीत दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्या जेवणालाच संपवाव्यात. उन्हाळ्यात डब्यात कोंडल्या की त्या लवकर आंबतात. पुढच्यासाठी धपाटे, कडक भाकरी, कांदा, भाजलेले शेंगदाणे. पिशव्या मात्र कापडी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना 2018 पासून राज्यात बंदी आहे, आणि ओझ्याने त्या फाटतात ते वेगळेच.

एक गोष्ट बजावून सांगते. दवाखान्यासाठी महिनाभर राहायचे म्हणून काही कुटुंबे रॉकेलचा स्टोव्ह किंवा छोटी शेगडी-सिलिंडर बरोबर घेतात. रेल्वेच्या डब्यात हे न्यायला कायद्याने मनाई आहे, आणि पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी भरल्या डब्यात आग लागली तर पळायला वाट नसते. भांडी न्या, पेटवायची वस्तू कोणतीही नेऊ नका.

दवाखान्याला निघालेल्यांनी सामानाची सुरुवात कपड्यांपासून करू नये, कागदांपासून करावी. टाटा रुग्णालय 1941 पासून परळला उभे आहे आणि आपल्या खेड्यापाड्यांतून रोज तिथे माणसे जातात. लांबून गेलेल्याची खेप वाया जाते ती बहुधा एखादा कागद घरी राहिल्यामुळे. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये घ्या. एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवा. गाठीचा तुकडा तपासायला दिला असेल, तर त्या प्रयोगशाळेकडून नुसता अहवाल आणू नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा पाहतात. ते ब्लॉक उन्हात ठेवू नयेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधारकार्ड लागते. मूळ प्रती न्या आणि दोन-दोन झेरॉक्सही न्या. ही फाईल बोचक्यात घालायची नाही. ती खांद्याच्या पिशवीत, आणि झोपताना उशाखाली.

औषधांचे असे करा, की जितके दिवस राहायचे त्याहून चार दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुंबईचा पाऊस सुरू होतो आणि त्याचा नेम नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या कोरडवाहू भागात दीड वर्षातही तेवढा पडत नाही, अशी कित्येक गावे आहेत. गाड्या ठप्प झाल्या, माणसे जिथे होती तिथे अडकली. रक्तदाबाची, साखरेची गोळी चुकवून चालत नाही. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्यांच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून घ्या. त्यांचे ओळखपत्रही विसरू नका. 2022 पासून 75 वर्षांपुढच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

पैसे एका जागी ठेवू नयेत, हे आपल्या आज्या सांगत आल्या. आता सारे पैसे मोबाईलमध्ये असतात असे मुले म्हणतात. पण लोकलच्या गर्दीत मोबाईल गेला, की पैसेही अडकतात आणि भावाचा नंबरही जातो. म्हणून परकराला आतून एक चोरखिसा शिवा आणि त्यात परतीच्या भाड्यापुरती रोकड ठेवा. घरधन्याच्या बंडीत थोडी, वरखर्चाची बटव्यात. दोन फोन नंबर आणि मुक्कामाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाजवळ द्या. लहान पोराच्या खिशात तर सदऱ्याला टाचूनच ठेवा. पोर चुकले तर 1098, रेल्वेत काही झाले तर 139, आणि कुठेही अडचण आली तर 112, हे आकडेही त्याच कागदावर असू द्यात. दागिन्यांपैकी काळी पोत तेवढी गळ्यात राहू द्या. गंठण आणि पाटल्या कुणाला दाखवायच्या आहेत?

पायात वापरलेली चप्पल घाला. नवी चप्पल मुंबईला घेऊन जाऊ नये. स्टेशनांचे जिने चढता-उतरता पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो, आणि मग राणीच्या बागेतले पेंग्विन पाहायचे राहून पोरांना घेऊन बाकावर बसावे लागते. तसे जायचे असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग मोठी असते. लेकरांना घेऊन दुसऱ्या वारी जावे.

एवढे सगळे भरून झाले, की बोचक्याची परीक्षा घ्या. ते उचलून घरापासून विहिरीपर्यंत जा आणि परत या, मध्ये खाली न टेकवता. दुसऱ्या हातात पोर असणार असेल तर पोरासकट जा. लोकल स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात चढायचे किंवा उतरायचे; तिथे घरधनी एक गाठोडे देतो आणि मागून दुसरे घेतो, असे होत नाही. दमलात तर दोन वस्तू काढा. बहुधा त्या ज्वारीतल्याच असतील. आपल्याकडच्या रात्रीच्या बहुतेक गाड्या मुंबईला पहाटे किंवा सकाळी लवकर पोचतात. आठच्या आत लोकल मिळाली तर ठीक. गाडी उशिरा आली, तर अकरापर्यंत फलाटावर चहा घेऊन बसावे, आणि मगच निघावे. आठ ते अकरा ही वेळ कामावर जाणाऱ्यांची आहे, त्यात सामान घेऊन शिरणे म्हणजे त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही.

सगळ्यांचे भरून होता होता रात्रीचे अकरा वाजतात, आणि घरच्या बाईचे स्वतःचे तसेच राहते. चष्मा, गुडघ्याचे तेल, अंगावरचे कपडे, वापरायची चप्पल. त्या महिन्याची अडचण येणार असेल तर त्याचेही सामान. हे तिने कुणाला सांगितलेले नसते आणि कुणी विचारलेले नसते. यंदा उलटे करा. पहिल्यांदा स्वतःची पिशवी भरून बाजूला ठेवा, आणि मग बाकीच्यांच्या मागे लागा. सासूबाई काही म्हणाल्या तर म्हणू द्यात.

वानोळ्याच्या डब्यांच्या बुडाला खिळ्याने नावे कोरून ठेवा. डबे रिकामे झाले की बोचक्यात जागा होते, आणि ती लागतेच. हिंदमाताच्या बाजारात साड्या स्वस्त मिळतात, आणि वहिनी तुम्हाला तिथे नेल्याशिवाय राहणार नाही.